थॅडियस स्टीव्हन्स : एक केस आणि एक कबर

मंडळी, अमेरिकेतली गुलामगिरी म्हटलं की आपल्याला एकटे लिंकन आठवतात. आज त्यांच्याच पक्षातल्या एका तिखट जिभेच्या वकिलाबद्दल.

थॅडियस स्टीव्हन्स, जन्म १७९२, व्हरमाँट. पाय जन्मापासून अधू. बाप घर सोडून गेलेला, आईने राबून शिकवलं. पुढे पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला वकिली थाटली.

डाग लागला तो इथेच. चॅरिटी बटलर नावाच्या गुलाम बाईने कोर्टात स्वातंत्र्य मागितलं. तिथला कायदा असा, की बाहेरच्या मालकाने गुलामाला राज्यात सलग सहा महिने ठेवलं तर तो मुक्त. स्टीव्हन्स उभे राहिले मालकाच्या बाजूने. मुक्काम तुटक होता, सलग नव्हता, हा त्यांचा मुद्दा १८२१ मध्ये कोर्टाने मानला. वकील जिंकला. चॅरिटी आणि तिच्या मुली मात्र गुलामीतच राहिल्या.

त्यानंतरचा माणूस वेगळाच दिसतो. पळून आलेल्या गुलामांच्या केसेस त्यांनी फुकट लढवल्या. १८३५ मध्ये कर वाढतो म्हणून मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायला आला होता; विधानसभेत भाषण करून त्यांनी तो वाचवला. १८३८ च्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार काढला, तर त्यांनी तिच्यावर सहीच केली नाही.

यादवी युद्धात संसदेच्या अर्थसमितीचे अध्यक्ष तेच. नंतर सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी ते झटले. बड्या बंडखोर जमीनदारांच्या जमिनी मुक्त गुलामांना वाटा, ही मागणी मात्र त्यांच्याच पक्षाने ऐकली नाही. नुसता हक्क मिळाला, पायाखाली जमीन नाही. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

१८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला, तेव्हा स्टीव्हन्स इतके आजारी की खुर्चीत बसवून उचलून आणावं लागे. एका मताने हरले. ऑगस्टमध्ये गेले.

दफन कुठे? लँकेस्टरच्या एका लहानशा दफनभूमीत. इतर ठिकाणी काळ्यांना जागा नव्हती, म्हणून ही निवडली; तसं कबरीवर कोरूनही घेतलं.

पाचच वर्षांनी, १८७३ मध्ये, आपल्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या लोकांत हा लंगडा वकीलही आलाच की!

चूक कोणाकडूनही होते, मंडळी. पुढची पन्नास वर्षं माणूस कोणाच्या बाजूने उभा राहतो, ते बघायचं.