सकाळचे कॉलेज आणि खिशातला फोन

२०२० सालच्या ऑगस्ट महिन्यात माझ्या ऑनलाइन तासाला तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी रोज सकाळी अकराला हजेरी लावी आणि पाच-सात मिनिटांत पडद्यावरून नाहीसा होई. चार दिवस मी पाहिले आणि पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतले. तो काही बोलला नाही. रात्री व्हॉट्सअॅपवर त्याचा निरोप आला. वडिलांची मजुरी मार्चपासून बंद होती, म्हणून तो वसई पूर्वेच्या एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला लागला होता. घरात फोन एकच. दिवसाच्या डेटातला निम्मा तो संध्याकाळी दहावीतल्या बहिणीसाठी राखून ठेवी. हजेरी बुडू नये म्हणून सकाळी गाळ्याच्या संडासात जाऊन तेवढे नाव नोंदवून येई.

मी इतिहासाचा प्राध्यापक. दलित-बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. आणि तरीही सकाळचे अकरा ही वेळ कोणाची, हा प्रश्न मला पडला नव्हता.

डिजिटल साधनांविषयी आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा साधन आहे की नाही एवढ्यापुरती. ती गैरलागू होती असे नव्हे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली. शहरांत हेच प्रमाण २३.४ आणि ४२ टक्के होते. एवढ्या पायावर २०२० मध्ये आपण रातोरात विद्यापीठ उभे केले! परंतु आज माझ्या वर्गात फोन नसलेला विद्यार्थी क्वचित सापडतो, आणि मागे पडणारे मात्र तेच आहेत. तेव्हा हे यंत्र कोणाच्या घड्याळाने चालते आणि कोणाच्या भाषेत बोलते, हे पाहिले पाहिजे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा बाबासाहेबांनी वर्ग सकाळी भरवले. याचे कारण अगदी साधे होते. दिवसा पोट भरणाऱ्या तरुणाला दुपारचे कॉलेज म्हणजे बंद दरवाजाच. अभ्यासक्रम विद्यापीठाचाच राहिला, परीक्षा विद्यापीठाचीच राहिली. बदलले ते घड्याळ. विद्यार्थ्याने संस्थेची वेळ सांभाळायची या पिढ्यान्पिढ्यांच्या रिवाजाऐवजी संस्थेने विद्यार्थ्याची वेळ सांभाळली. आपल्या शैक्षणिक चळवळीच्या इतिहासात या गोष्टीला जेवढे महत्त्व द्यायला हवे होते तेवढे आपण दिलेले नाही, असे माझे मत आहे. आपण इमारती मोजल्या, वेळापत्रक वाचले नाही.

विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. विरार ते चर्चगेट अंतर साठ किलोमीटर. माझे एक मामा टपाल खात्यात होते. पहाटेची गाडी धरून ते फोर्टात सिद्धार्थमध्ये जात आणि वर्ग आटोपून कामावर हजर होत. घरात पदवीधर असे ते पहिले. ही सोय नसती तर मामा शिकले नसते, आणि मामा शिकले नसते तर माझ्या हाती खडू आला असता की नाही, कोण जाणे.

याच्या उलट परंपराही आहे. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. उपग्रहावरून शिक्षण गावोगाव जाणार, म्हणून मोठे कौतुक झाले. तो वर्ग भरे दिवसा, आणि बोले बहुतांशी इंग्रजीत. गिरणीतल्या, गाळ्यातल्या, वीटभट्टीवरच्या विद्यार्थ्याला तो कधी दिसायचा? २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे सरकारी व्यासपीठ आले. २०२१ च्या नियमांनुसार त्यावरून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवता येतात. येथे वेळेची अडचण नाही हे मान्य. परंतु मराठी माध्यमातून आलेली माझी मुले तेथील इंग्रजीपुढे पहिल्याच धड्यात थबकतात.

त्या रात्रीच्या निरोपानंतर मी अकराचा तास बंद केला. दहा-बारा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून, साध्या मराठीत, वर्गाच्या गटावर टाकू लागलो. त्याला डेटा थोडा लागे. उत्तरे रात्री येत, बहुधा आवाजात. टंकलेखनात बुजणारी मुले बोलताना बुजत नव्हती. तालुक्याच्या पूर्वपट्टीतली एक आदिवासी मुलगी रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन आठवड्याचे सगळे तास एकदम उतरवून घेई. वर्गात वर्षभर न बोललेली ही मुलगी तेथून प्रश्न विचारू लागली.

हे साधन निष्पाप आहे असे मात्र कोणी समजू नये. गटातल्या काही मुलींचे क्रमांक त्यांच्या भावांचे होते, हे मला फार उशिरा कळले. आंतरजातीय विवाहाविषयी बाबासाहेबांचे विचार मी मुद्रित केले, आणि दुसऱ्या दिवशी दोन मुली गटातून गेल्या. पुढे एका १४ एप्रिलला जयंतीच्या शुभेच्छांखाली कुणीतरी राखीव जागांची टवाळी करणारा मजकूर पुढे ढकलला. वर्गात असे बोलायला त्याची जीभ रेटली नसती. मी तो पुसला नाही. आठ दिवस त्यावरच तास घेतला.

२०२१ च्या ऑक्टोबरात महाविद्यालये उघडल्यावर मी मुलांना नालासोपाऱ्याच्या स्तूपावर नेले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच सोपाऱ्यात मिळाला. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण धम्मयात्रेला निघालो, असे अशोक त्या लेखात सांगतो. त्या यात्रेत जनपदातल्या लोकांना भेटणे, त्यांना धम्म सांगणे आणि त्याविषयी त्यांच्याशी प्रश्नोत्तरे करणे येते. राजा लोकांकडे गेला, आणि बोलला तो लोकांच्या प्राकृतात. मुलांनी हे सारे आपापल्या बोलीत फोनवर चित्रित केले; एकीने वाडवळीत, एकाने मराठवाड्याच्या मराठीत. त्या चित्रफिती घरी आयांनी पाहिल्या. माझे व्याख्यान आजवर कोणाच्या आईने ऐकले नव्हते.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढला. पुढे खंडांच्या छपाईचे काम इतके रेंगाळले की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. छापील खंड मिळत नव्हते त्या काळात माझे विद्यार्थी विरार लोकलच्या गर्दीत उभ्याने फोनवर तेच खंड वाचीत होते. परिशिष्टे मात्र कोणी उघडत नाही. फोनवर परिशिष्ट वाचवत नाही, हे मलाही कबूल आहे.

तो गाळ्यातला मुलगा पदवीधर झाला. वर्ग पुन्हा सकाळी भरतात, आणि मी ध्वनिमुद्रणे अजून पाठवतो. यंदा चौघेजण रात्रपाळीत किंवा घरोघर पार्सल पोचविण्याच्या कामात आहेत. त्यांचे प्रश्न मला मध्यरात्रीनंतर येतात, आणि ते वर्गातल्या प्रश्नांपेक्षा बरे असतात. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे हजेरी ७५ टक्के लागते. ऐकलेला तास तीत धरला जात नाही. तशी विनंती मी दोनदा लेखी केली. पत्रकात त्या चौघांच्या नावापुढे सध्या मला ‘गैरहजर’ असेच लिहावे लागते.