क्रिमियन युद्धाचे वृत्तपत्रीय वार्तांकन

रशियाविरुद्ध ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी लढलेल्या क्रिमियन युद्धात (१८५३–५६) आधुनिक युद्धवार्तांकनाचा पाया घातला गेला. त्यापूर्वी ब्रिटिश वृत्तपत्रे बहुधा सेनाधिकाऱ्यांची पत्रे व परदेशी वृत्तपत्रांतील उतारे छापत. लंडनच्या ‘द टाइम्स’ने १८५४ मध्ये विल्यम हॉवर्ड रसेल यास सैन्याबरोबर पाठविले. बालाक्लाव्हा येथे २५ ऑक्टोबर रोजी ब्रिटिश हलक्या घोडदळाने रशियन तोफांवर केलेली आत्मघातकी चढाई त्याने उंचवट्यावरून पाहिली; तिचा वृत्तांत १४ नोव्हेंबरला छापून आला. रसद, निवारा व औषधोपचार यांतील अनागोंदीच्या बातम्यांनी लोकमत खवळले आणि जानेवारी १८५५ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ॲबर्डीनचे मंत्रिमंडळ पडले. फेब्रुवारी १८५६ मध्ये शत्रूला उपयोगी ठरेल असा मजकूर प्रसिद्ध करण्यास ब्रिटिश सेनापतीने मनाई केली. लष्करी सेन्सॉरशिपचा हा आरंभीचा नमुना होय.