छपराला पाडलेले भोक : मोटारीतला रेडिओ आणि टोपणनावांची बोली

भाषेच्या इतिहासात छापखान्याला मानाचे पान मिळते, नभोवाणीलाही एखादे प्रकरण मिळते. मोटारीच्या छपराला पाडलेल्या भोकाची मात्र कोणी दखल घेत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील लक्षावधी सामान्य माणसांनी आपापल्या गाड्यांत दुतर्फा रेडिओ बसवून घेतले, छपरावर किंवा डिकीवर अँटेना उभ्या केल्या, आणि ज्यांचे तोंडही कधी पाहिले नव्हते अशा माणसांशी ते टोपणनावाने बोलू लागले. या प्रकाराची बोळवण सहसा ‘एक आली-गेली लाट’ अशी केली जाते. मला हा निकाल घाईचा वाटतो. निनावी माणसांच्या जाहीर संभाषणाची आज आपल्याला जी सवय झाली आहे, तिची पहिली मोठी तालीम या गाड्यांत झाली.

गाडीत प्रथम रेडिओ आला तो हुकूम ऐकण्यासाठी. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या गाड्यांत बसवलेला रेडिओ एकतर्फी होता : मुख्यालयाने बोलायचे, शिपायाने ऐकायचे, आणि उत्तर द्यायचे तर गाडी थांबवून टेलिफोन गाठायचा. १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉनच्या पोलिसांना गाडीतून उलट बोलता येऊ लागले. योगायोग असा, की त्याच वर्षी हिंदुस्थानात बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यासाठीही परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. गाडीतून कोणी बोलावे हा प्रश्न यंत्राइतकाच सत्तेचाही होता, हे यावरून लक्षात यावे. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा सामान्य नागरिकांसाठी खुला केला. ‘सिटिझन्स बँड’, म्हणजेच सीबी, तो हा. अपेक्षा अशी, की दुकानदार, शेतकरी, कुटुंबवत्सल माणसे त्यावरून कामापुरते बोलतील. गप्पांना नियमांत जागा नव्हती.

आता त्या काठीविषयी. या पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे अकरा मीटर. अँटेना निदान तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास असावी, असे पदार्थविज्ञान सांगते. एवढी काठी मागच्या बंपरवर जाड स्प्रिंगच्या आधाराने उभी करीत. गाडी वेगात असली की ती मागे वाकायची आणि ठेंगण्या पुलाखाली आपटायची. म्हणून मग काठी आखूड करून उरलेल्या लांबीची भरपाई तारेच्या वेटोळ्याने करण्याची युक्ती निघाली. पण खरी मेख पुढेच आहे. काठी हा अँटेनाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. काठी छपराच्या मधोमध उभी असली तर आवाज चारी दिशांना सारखा जातो, एका कोपऱ्यावर बसवली तर एकीकडे झुकतो. म्हणजे सर्वांत उत्तम जागा छपराच्या मध्यावर, आणि तेथे ड्रिल चालवायला मालकाचे मन धजत नसे. कोणी पन्हळीला चिमटा लावी, कोणी डिकीच्या कडेला, कोणी चुंबकावर भागवी. ट्रकवाले दोन्ही बाजूंच्या आरशांवर दोन अँटेना लावीत, त्याला कारण होते : एकाच काठीला मागच्या उंच पेटीचा आडोसा होई, आणि ट्रकच्या रुंदीमुळे दोन काठ्यांत पुरेसे अंतरही मिळे. छोट्या मोटारवाल्यांनी त्याची नक्कल केली. तिथे ते अंतरच मिळत नसल्याने दुसरी काठी बहुतांशी शोभेचीच राही.

बसवल्यावरही काम संपत नसे. काठीची लांबी जुळली नाही तर पाठवलेली शक्ती यंत्राकडेच परत फिरे. ती मापकावर पाहत काठी थोडी थोडी कमी-जास्त करावी लागे. मुभा होती ती जेमतेम चार वॅटची, एका छोट्या दिव्याइतकी. त्यातले काही वाया घालवणे परवडणारे नव्हते. शिवाय इंजिन स्वतःच बडबडे. प्रत्येक स्पार्क प्लग म्हणजे एक चिमुकला प्रक्षेपक. मार्कोनीचे पहिले संदेश अशा ठिणग्यांतूनच गेले होते. आपलेच इंजिन आपल्याच रेडिओत ओरडू लागे, आणि त्याला गप्प करायला प्लगच्या तारांत रोध घालावा लागे. बोलण्याआधी स्वतःच्या घरचा गोंगाट थांबवण्याची ही खटपट मला फार बोलकी वाटते.

हे सारे छंदिष्टांपुरतेच राहिले असते. पण ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला, डिझेल महागले, आणि जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लादणाऱ्या कायद्यावर सही झाली. मैलांवर पैसे मिळवणाऱ्या ट्रकचालकाच्या दृष्टीने कमी वेग म्हणजे कमी कमाई. डिसेंबर १९७३ मध्ये चालकांनी महामार्ग अडवले, त्यात हाच रेडिओ कामी आला. पुढे पोलीस कुठे दबा धरून बसला आहे, डिझेल कुठे शिल्लक आहे, हे सांगण्याचे तेच साधन झाले.

त्यातून एक बोली उभी राहिली. पोलिसाला ‘स्मोकी’ म्हणत, कारण वणवे टाळण्याच्या सरकारी जाहिरातींतल्या स्मोकी अस्वलाची टोपी राज्य पोलिसांच्या टोपीसारखी होती. ‘टेन-फोर’ म्हणजे ‘समजले’. ही संक्षेपाची रीत मुळात पोलिसांनीच आपल्या रेडिओसाठी घडवली होती. पोलिसांना चुकवणाऱ्यांनी ती सहीसही उचलली. अधिकाऱ्यांच्या भाषेची अशी परस्पर लूट लोकवाङ्मयाच्या अभ्यासकाला नवी नाही.

आणि टोपणनावे! गडकऱ्यांचे गोविंदाग्रज होणे किंवा अत्र्यांचे केशवकुमार होणे आपल्याला ठाऊक आहे. तिथे टोपणनाव हा कवीचा दुसरा जन्म असतो. इथे त्याला एक व्यवहारी कारणही होते. कायद्याने प्रत्येकाने परवान्यासोबत मिळालेला अधिकृत संकेत सांगायला हवा होता. वेगमर्यादा मोडणारा माणूस तो कशाला सांगेल? पण एकदा मुखवटा हाती आला की तो गरजेपुरता राहत नाही. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड याही ‘फर्स्ट मामा’ या नावाने सीबीवर बोलल्या. उत्तरेकडचे उपनगरवासी माइक हातात येताच दक्षिणी ट्रकवाल्याच्या हेलात बोलू लागत. या बोलीला घरोघर पोहोचवणारे ‘कॉन्व्हॉय’ हे गाणे १९७६ च्या आरंभी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. त्याचा गायक सी. डब्ल्यू. मॅकॉल म्हणजे प्रत्यक्षात ओमाहातील बिल फ्राइस हा जाहिरात-व्यावसायिक. रस्त्याच्या ‘अस्सल’ आवाजाचा प्रतिनिधीही टोपणनावाचाच निघाला!

मात्र मुखवट्याने सगळे झाकले जात नव्हते. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्येही सीबी लोकप्रिय होता, त्यांचे स्वतंत्र संघ होते. नाव बदलता येते, चेहरा दिसत नाही. पण आवाज आणि हेल राहतोच, आणि ऐकणारा त्यावरून रंग ठरवतो. गोरा दक्षिणी हेल हाच ‘रस्त्याचा हेल’ मानला गेल्यावर इतरांना एकतर तो उसना घ्यावा लागे, नाहीतर आपली वेगळी जागा शोधावी लागे. सीबीला लोकशाहीचे व्यासपीठ म्हणून गौरवणारे ही बाजू फारशी पाहत नाहीत.

गर्दी वाढली. १ जानेवारी १९७७ पासून २३ ऐवजी ४० चॅनेल झाले, तरी पुरेनात. या रेडिओत बटण दाबून बोलताना काही ऐकू येत नाही, आणि दोघे एकदम बोलले तर तिसऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते. म्हणजे पाळी पाळणे ही इथे सभ्यतेची नव्हे, यंत्राची अट होती. ती पाळणारे थोडे राहिले. अनेकांनी बेकायदा शक्तिवर्धक जोडले. परवाने इतके झाले की त्यांना अर्थ उरला नाही, आणि १९८३ मध्ये कमिशनने वैयक्तिक परवान्याची अटच काढून टाकली. तोवर हौशी मंडळी पांगली होती. ट्रकवाले मात्र राहिले.

आपल्याकडे याच पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट मिळाली ती २००५ मध्ये. तोपर्यंत मोबाइल फोन लोकांच्या हाती आला होता, आणि मोटारीतून अनोळखी माणसाशी बोलावे अशी गरज कोणाला भासली नाही.

एक तपशील राहिला. छपरावरची काठी दिसली की आत रेडिओ आहे हे चोरालाही कळे. चोऱ्या इतक्या वाढल्या की साध्या नभोवाणीच्या अँटेनासारख्या दिसणाऱ्या अँटेना बाजारात आल्या, आणि गाडी उभी करताना काढून डिकीत ठेवता येतील अशाही. आधी माणसाला टोपणनाव मिळाले होते. आता काठीलाही सोंग घ्यावे लागले.