तयारी प्लेगची, आला इन्फ्लुएन्झा

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई ताप घेऊन पोलीस इस्पितळात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. त्यांतला एकजण गोदीवर पहाऱ्याला होता.

सरकार अगदीच बेसावध होते, असे आम्हाला वाटत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली आणि तेथे प्लेगची लस तयार होऊ लागली. पण प्लेगची वाट उंदीर आणि पिसवांची, इन्फ्लुएन्झाची श्वासाची. (हा फरक वर्गात अवश्य सांगावा.) घरझडतीचा अनुभव येथे काय कामाचा?

पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली आणि ६ ऑक्टोबरला एकाच दिवशी शहरात ७६८ माणसे दगावली. बरेच डॉक्टर महायुद्धावर गेलेले, त्यात पाऊस दडी मारून बसलेला, धान्य महाग. साहेबलोक थंड डोंगरावर काय करताहेत, असे वृत्तपत्रे विचारू लागली. औषधे, दूध घेऊन चाळीचाळींतून फिरले ते स्वयंसेवकच.

त्या वर्षीचे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहा. इन्फ्लुएन्झाने युरोपियनांत हजारी ८.३ मृत्यू, तर ‘खालच्या’ म्हणून नोंदलेल्या हिंदू जातींत ६१.६. रोग एकच, घरे, हवा आणि अन्न मात्र वेगळे.

डॉक्टर तेव्हा पायफर यांच्या जीवाणूला दोष देत होते. माणसातल्या इन्फ्लुएन्झाचा खरा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये.