वीलचे जंगल आणि तज्ज्ञतेचा हक्क

जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, राइन नदीच्या काठी, कायझरश्टूलच्या द्राक्षमळ्यांजवळ वसलेल्या वील या लहानशा गावी अणुवीज केंद्र उभारण्याची योजना १९७३ साली जाहीर झाली, तेव्हा राज्यकर्त्यांच्या लेखी ती केवळ वीजपुरवठ्याची बाब होती. शीतक मनोऱ्यांच्या वाफेने धुके दाटेल, ऊन अडेल आणि द्राक्षे नीट पिकणार नाहीत, ही बागायतदारांची भीती होती. तिच्याहूनही खोल रुतलेला सल असा, की केंद्र बांधू पाहणाऱ्या बाडेनवेर्क या कंपनीत राज्याचाच मोठा भांडवली वाटा होता आणि परवाना देणारेही तेच राज्य होते. जैतापूरच्या अणुप्रकल्पाची जनसुनावणी ज्यांना ठाऊक आहे, त्या वाचकांना हा अविश्वास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

गाव एकमुखी विरोधात होते, असे मात्र नाही; जानेवारी १९७५ मधील मतदानात वीलच्या सुमारे ५५ टक्के मतदारांनी जमीन विकण्यास संमती दिली होती. तरीही १८ फेब्रुवारीला आसपासच्या गावांतील लोकांनी बांधकामाची जागा ताब्यात घेतली, दोन दिवसांनी पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून त्यांना हुसकावले आणि २३ फेब्रुवारीला जमलेल्या सुमारे २८,००० लोकांनी ती परत मिळवली. नदीपलीकडच्या फ्रेंच अल्सासमधील शेतकरीही त्यांत होते, कारण दोन्ही काठांची अलेमानिश बोली एकच होती. त्या जंगलातल्या लाकडी निवाऱ्यात लोकांनी आपले लोकविद्यापीठ भरवले आणि किरणोत्सर्गापासून स्थानिक इतिहासापर्यंतच्या विषयांवर तेथे व्याख्याने होऊ लागली.

या लढ्याचे खरे मोल तेथेच आहे. लोकांची अपेक्षा केवळ नकाराची उरली नव्हती. प्रस्तावामागचे शास्त्र तपासण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, असे ते म्हणू लागले होते. फ्रायबुर्गच्या प्रशासकीय न्यायालयाने १९७७ साली अणुभट्टीचे दाबपात्र फुटल्यास ते रोखणारे संरक्षक कवच नसल्याने परवाना अमान्य केला. मात्र न्यायालयात टिकेल असे स्वतंत्र तज्ज्ञमत सामान्य नागरिकांना मिळवणे किती अवघड असते, हे त्या खटल्यातून स्पष्ट झाले होते, आणि त्याच वर्षी फ्रायबुर्ग येथे ओको-इन्स्टिट्यूट ही नागरिकांच्या बाजूने संशोधन करणारी संस्था स्थापन झाली. जे काम प्रस्थापित विद्यापीठांकडून व्हायला हवे होते, ते त्यांच्या कुंपणाबाहेर सुरू व्हावे, ही खेदाची गोष्ट होय. या संस्थेच्या १९८० मधील अभ्यासाच्या शीर्षकातील ‘एनर्जीवेंडे’, म्हणजे ऊर्जेचे वळण, हा शब्द पुढे सरकारी धोरणाचे नाव बनला.

वरिष्ठ न्यायालयाने १९८२ साली बांधकामास मोकळीक दिली, तरी सरकारने ते हाती घेतले नाही आणि १९९५ साली ती जागा निसर्गराखीव क्षेत्र झाली. बाडेनवेर्क १९९७ साली एनबीडब्ल्यू या कंपनीत विलीन झाली. एनबीडब्ल्यूचे नेकारवेस्टहाइम-२ हे केंद्र १५ एप्रिल २०२३ रोजी, देशातील शेवटच्या तीन अणुकेंद्रांपैकी एक म्हणून, बंद पडले. मागे उरलेला किरणोत्सारी कचरा कोठे पुरावा, याचा शोध आजही चालू आहे, आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय समितीत मान्यवरांसोबत यदृच्छेने निवडलेले सामान्य नागरिकही बसतात.