योनिमार्गाची कॉल्पोस्कोपी
योनिमार्गातील कर्करोगपूर्व बदल भिंगातून, प्रखर उजेडात मोठे करून पाहण्याची तपासणी. त्यासाठीचे कॉल्पोस्कोप हे यंत्र जर्मनीच्या हान्स हिन्सेलमन यांनी १९२५ मध्ये वापरात आणले. सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावल्यावर संशयित भाग पांढरा पडतो. आयोडीनने निरोगी आवरण गडद तपकिरी होते, बिघडलेले पिवळट राहते. रजोनिवृत्तीनंतर मात्र निरोगी आवरणही फिकेच दिसते. बदल बहुधा वरच्या तृतीयांशात असतात. योनिमार्ग उघडा धरणाऱ्या स्पेक्युलमच्या पात्यांखाली भिंत झाकली जाते, म्हणून ते फिरवत, सावकाश बाहेर काढावे. घाई नडते ती इथेच. गर्भाशय काढलेल्या स्त्रीच्या योनिमार्गाच्या टोकाशी असलेल्या टाक्यांच्या कोपऱ्यांतही बदल लपतात. निदान बायोप्सीनेच पक्के होते. मुकुटबनसारख्या दूरच्या गावाहून यवतमाळ गाठणाऱ्या बाईची बायोप्सी शक्यतो त्याच खेपेत उरकावी.