गाठ घरची, रंग रंगाऱ्याचा

गोंदियाजवळच्या कामठ्यात आज कुणाला पांढरा टी-शर्ट घरी रंगवायचा असेल, तर सामान फारसं लागत नाही. धुण्याचा सोडा, रबरबँड, बाटल्यांत कालवलेला रिअ‍ॅक्टिव्ह रंग आणि प्लास्टिकची एक पिशवी. टी-शर्ट सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळायचा, मधोमध चिमटीत धरून जिलबीसारखा गुंडाळायचा, रबरबँडांनी आवळायचा, वरून रंग ओतायचा आणि रात्रभर पिशवीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी गार पाण्यात खळखळून धुतला की झालं. चूल पेटवावी लागत नाही.

अशा टी-शर्टचं मूळ सहसा अमेरिकेत शोधलं जातं. 1969 साली वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात जॉन सेबॅस्टियन आणि जो कॉकर हे गायक असेच रंगीबेरंगी कपडे घालून गायले. हिप्पी गोव्यातही उतरले आणि पुढे हणजूणच्या बुधवारच्या बाजारात हे टी-शर्ट टांगलेले दिसू लागले. ही हकिकत खरी असली तरी ती फार अलीकडची आहे.

बांधून रंग अडवण्याची युक्ती आपल्याकडे निदान दीड हजार वर्षांची तरी असावी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत ठिपक्यांची वस्त्रं आहेत आणि अभ्यासक त्यांत बांधणी ओळखतात. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त हर्षाच्या बहिणीच्या, राज्यश्रीच्या, लग्नाच्या तयारीचं वर्णन आहे. तिथे नक्षीत तरबेज असलेल्या वयस्कर बायका कापडाला गाठी मारताहेत आणि रंगवण्याचं काम मात्र रजक (धोबी) करताहेत. मला या वर्णनातली ही कामाची वाटणीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कच्छमध्ये ती पुढेही टिकली. बायका घरी बसून नखानं कापड उचलून हजारो बारीक गाठी बांधत आणि रंग खत्री रंगाऱ्यांच्या भट्टीवर चढे. (पाटणचे पटोळा विणणारे साळवी आपलं मूळ जालन्याचं सांगतात, राजा कुमारपाळानं बाराव्या शतकात आपल्याला नेलं म्हणतात. पण ते विणण्याआधी सूत बांधतात, म्हणून ती शाखा निराळी.)

रंग घरी का होत नव्हता? घरात हळद होती आणि गोंदियाच्या रानात पळस आजही भरपूर आहे. होळीला पळसफुलांचा रंग चालतो, कारण तो टिकावा अशी कुणाची अपेक्षाच नसते. सुती कापडावर पक्का तांबडा हवा असेल तर आल लागे. हे झाड तीनचार वर्षं वाढू द्यायचं, मग मुळं खणून काढायची. कापड आधी तेल आणि खारात मुरवायचं, हिरडा आणि तुरटी द्यायची, मग मुळांच्या काढ्यात तापवायचं. हे काम जातीचं होतं. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात छिपा, रंगारी, भावसार, निराळी आणि नीलगर यांची नोंद एकत्रच येते. निराळ्यांकडे नीळ. निळीचा माठ आंबवून सांभाळणं हे तर वेगळंच शास्त्र.

आलीचा धंदा जर्मन रसायनशास्त्रानं मोडला. ग्रेबे आणि लिबरमान यांनी 1868 साली अ‍ॅलिझरीन हे तांबडं रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवलं आणि मुळं खणून पक्का तांबडा काढण्याची गरज हळूहळू संपली. रंग स्वस्त झाला खरा, पण खार, तुरटी, तापवणं हा सगळा खटाटोप तसाच राहिला. तो संपला 1956 साली. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन या रसायनशास्त्रज्ञांच्या शोधातून आलेले ‘प्रोसिऑन’ हे रिअ‍ॅक्टिव्ह रंग त्या वर्षी बाजारात आले. या रंगाचा रेणू सोड्याच्या पाण्यात कापसाच्या तंतूशी थेट रासायनिक बंध जोडतो, तेही गार पाण्यात. म्हणून माझ्या मते घरच्या टी-शर्टचं खरं जन्मवर्ष 1969 नव्हे, 1956 आहे.

गाठीची जागा मात्र रबरबँडनं घेतली, आणि तिथे काहीतरी हरवलं हे मान्य करायला हवं. जिलबीसारखी चक्री सोपी असते, दहा मिनिटांत बांधून होते. ठिपक्याला बोटं तयार असावी लागतात. कामठ्यात, या धानाच्या मुलखात, आणखी एक वाट मोकळी आहे: तांदळाच्या पिठाची खळ. जपानी रंगारी चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा शिजवून, त्यात चुना घालून लेप करतात आणि कापडावर थापून रंग अडवतात. राजस्थानच्या दाबू छपाईत तेच काम माती, चुना आणि डिंक करतात. गाठीनं जमणार नाही अशी पानाफुलांची नक्षी लेपानं जमते. लेप पुरता वाळेपर्यंत थांबायला मात्र हवं.

टी-शर्ट निवडताना लेबल वाचावं. कापड शंभर टक्के सुती हवं, कारण हा रंग पॉलिस्टरवर बसतच नाही, धुताना सगळा वाहून जातो. आणि कापड निव्वळ सुती असलं तरी बाजारच्या टी-शर्टची शिलाई बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते. तो दोरा कुणी न बांधताही पांढराच राहतो.